गोगलगाय कोणत्या खात्याची? ठाण्याच्या गोड्या पाण्याविषयी एक खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांचे आरोग्य, उद्यान व पर्यावरण विभाग,
तसेच ठाणे जिल्हा परिषदेचे आरोग्य व पशुसंवर्धन विभाग

विषय : गोड्या पाण्यातील गोगलगाई आणि त्यांच्यामार्फत माणसांपर्यंत पोहोचणारे कृमी यांची संयुक्त पाहणी करण्याबाबत.

महोदय / महोदया,

ठाणे शहरात ३० हून अधिक तलाव आहेत आणि त्यांतल्या बहुतेक गोष्टींना कोणी ना कोणी वाली आहे. पाण्याचे नमुने एक विभाग तपासतो, काठावरची झाडे दुसरा सांभाळतो, डासांच्या अळ्या मारणारे कर्मचारी येऊन फवारणी करून जातात, आणि जिथे मासेमारीचा ठेका दिलेला असतो तिथे माशांची काळजी ठेकेदार वाहतो. नवी मुंबईतल्या गावठाणांच्या तलावांची गोष्ट फारशी निराळी नाही. याच पाण्यात दगडांना, पायऱ्यांना आणि जलपर्णीच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या गोगलगाई मात्र कोणाच्याच कार्यकक्षेत बसत नाहीत. त्या मासे नव्हेत, डास नव्हेत, झाडे नव्हेत, आणि पाणी तपासणीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो. माझी विनंती त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. नोकरीचा बराचसा काळ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेला आणि आता ठाण्यात राहतो. गोगलगाईशी माझी ओळख झाली ती जनावरांच्या यकृतामार्फत. पावसाळा सरल्यावर दवाखान्यात अशी जनावरे येत, की खाणे ठीक पण चारा अंगी लागत नाही, डोळ्यांची आतली कातडी पांढरी पडलेली, आणि जबड्याखाली पाणी साचून मऊ सूज आलेली. त्यांतले एखादे दगावले आणि शवविच्छेदन करायची वेळ आली, की निदान हाताला लागे. यकृतातल्या पित्तनलिका जाड आणि कडक झालेल्या असत, त्यांत क्षार साचलेले असत, सुरी चालवताना वाळूवरून फिरल्यासारखी कचकच होई, आणि कापलेली नलिका अंगठ्याने दाबली की तपकिरी, चपटे, पानाच्या आकाराचे कृमी एकामागून एक बाहेर सरकत. हा फॅसिओला जायगँटिका, म्हणजे यकृतातला पर्णकृमी. शेतकऱ्यांना तो ठाऊक असतो, औषधही त्यांना ठाऊक असते. तो जनावरात शिरतो कुठून, हे मात्र गावोगाव पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागे.

शेणातून पडलेली कृमीची अंडी पाण्यात गेली तरच फुटतात. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म डिंभाला, म्हणजे कृमीच्या अळीला, जेमतेम एखाद्या दिवसाचे आयुष्य असते आणि तेवढ्या वेळात त्याला लिम्निया वंशाची गोगलगाय गाठावी लागते. ती मिळाली नाही तर तो मरतो आणि कथा तिथेच संपते. मिळाली तर तिच्या शरीरात त्याची अनेक पटींनी वाढ होते, एका डिंभापासून शेकडो नवे डिंभ तयार होतात, आणि ते गोगलगाईतून बाहेर पडून गवतावर, पाणवनस्पतींवर किंवा भाताच्या कोवळ्या पातीवर कवच करून बसतात. जनावर तो चारा खाते. माणूस तशीच पाण्यातली भाजी न शिजवता खातो तेव्हा त्यालाही तोच संसर्ग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ७० हून अधिक देशांत किमान २४ लाख माणसे फॅसिओलाने बाधित आहेत. आपल्याकडे माणसांतले रुग्ण क्वचित आढळतात, आणि तेही बहुधा पित्ताचा खडा किंवा गाठ समजून तपासणीला घेतल्यावर.

या एका उदाहरणाने मूळ मुद्दा स्पष्ट होतो. माणसाला बाधणाऱ्या जवळजवळ सर्व पर्णकृमींना आयुष्याचा एक टप्पा गोगलगाईतच काढावा लागतो, आणि त्यातही प्रत्येक जातीच्या कृमीला ठरावीक जातीचीच गोगलगाय चालते. म्हणून कोणत्या पाण्यात कोणत्या जातीच्या गोगलगाई आहेत हे ठाऊक असेल, तर तिथे कोणता आजार रुजू शकतो आणि कोणता रुजणार नाही, हे रुग्ण दिसण्याच्या आधीच बऱ्याच अंशी सांगता येते. डासांच्या बाबतीत आपण हेच करतो. ॲनोफिलीस आणि एडिस यांत फरक करणारे प्रशिक्षित कर्मचारी आपल्याकडे आहेत. लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगाईंत फरक करणारा माणूस नेमावा असे कोणाला वाटलेले नाही.

हा विषय आफ्रिकेचा, आपला नव्हे, अशी समजूत आहे. ती निम्मी खरी आहे. शिस्टोसोमा या कृमीमुळे होणारा आजार, ज्याला बिल्हार्झिया असेही म्हणतात, मुख्यत्वे आफ्रिकेत आहे. हा कृमी खाण्यातून येत नाही. गोगलगाईतून बाहेर पडलेले, दुभंगलेल्या शेपटीचे डिंभ पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात. रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमध्ये काम करून यातला गोगलगाईचा वाटा सिद्ध केला. २०२१ मध्ये जगात २५ कोटींहून अधिक लोकांना या आजारासाठी प्रतिबंधक औषध देण्याची गरज होती, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारत त्या नकाशात फारसा दिसत नाही. परंतु भारतातल्या मानवी शिस्टोसोमाचे जे ठिकाण वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहे, ते आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावी. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी तिथल्या लोकांत लघवीवाटे रक्त जाण्याचा हा आजार नोंदवला आणि पुढे त्याचा संबंध फेरिसिया टेन्युइस या गोगलगाईशी जोडला.

ही फेरिसिया एकदा बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या शंखाला वेढे नसतात, तो उपड्या ठेवलेल्या टोपीसारखा असतो, लांबी अवघी काही मिलिमीटर, रंग जवळजवळ पारदर्शक. पाण्यात पडलेल्या पानाच्या खालच्या बाजूला किंवा दगडाला ती अशी चिकटते की बघणाऱ्याला तो एखादा डाग वाटावा. गोगलगाई दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत, असे काठावर उभे राहून सांगता येत नाही ते यामुळे. पान उलटून पाहावे लागते.

दुसरे उदाहरण तर जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. फॅसिओलॉप्सिस बस्की हा माणसाच्या आतड्यात राहणारा सर्वांत मोठा पर्णकृमी मानला जातो. पूर्ण वाढलेला कृमी ७ सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतो. पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आणि त्या तालुक्यात या कृमीचा साथरोगशास्त्रीय अभ्यास होऊन तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या दशकात मुंबईतही या संसर्गाची नोंद झालेली होती. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा पालघरचे कागद पालघरला गेले. पण कृमीला आणि गोगलगाईला जिल्ह्याची हद्द कळत नाही, आणि त्याच प्रकारचे ओहोळ, तीच खाचरे आणि तीच मोकाट डुकरे हद्दीच्या अलीकडेही आहेत. हा कृमी डुकरांतही वाढतो. त्यांची विष्ठा तळ्यात मिसळली, तिथे चपट्या वेटोळ्यांच्या छोट्या गोगलगाई असल्या आणि त्या तळ्यातली वनस्पती कोणी कच्ची खाल्ली, की चक्र पूर्ण होते. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये लहान मुलांत याचे रुग्ण आजही आढळतात. ओला शिंगाडा दातांनी सोलून खाण्याची सवय त्यात महत्त्वाची ठरते, कारण कृमीची कवचे फळाच्या सालीवर चिकटलेली असतात. दिवाळीच्या आसपास ठाणे आणि वाशीच्या बाजारांत ओले शिंगाडे येतात. ते उकडून खाल्ले तर काहीच भीती नाही. शिंगाड्याचे पीठ तर मुळीच संशयास्पद नाही, त्यामुळे उपासाच्या शिऱ्यावर कोणी बंदी मागू नये.

तिसरी गोष्ट रोजच्या पाहण्यातली आहे, आणि म्हणूनच तिची नोंद होत नाही. आपल्या गाई-म्हशींत शिस्टोसोमाच्या तीन जाती आढळतात : स्पिंडेल, इंडिकम आणि नेझेल. यांतल्या नेझेलमुळे जनावराच्या नाकात गाठी होतात आणि ते घोरल्यासारखा श्वास घेते. गावाकडे असे घोरणारे बैल पुष्कळांनी पाहिले असतील. म्हशीच्या अंगात हाच कृमी असूनही बाहेरून फारसे दिसत नाही, त्यामुळे ती निरोगी समजली जाते आणि तळ्यात डुंबताना अंडी सोडत राहते. या तिन्ही जातींना इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस ही एकच गोगलगाय पुरते. तिच्यातून बाहेर पडलेले डिंभ माणसाच्या कातडीत शिरतात खरे, पण माणसात त्यांची वाढ होत नाही. ते कातडीतच मरतात आणि मरताना खाज, लालसर पुरळ आणि जळजळ मागे ठेवतात. काही दिवसांत ते आपोआप बरे होते. लावणीच्या दिवसांत खाचरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांवरची सगळी खाज चिखल्या या एका नावाखाली जाते आणि मलम दिले जाते. चिखल्या बोटांच्या बेचक्यांत होतात. हे पुरळ मात्र पाण्याच्या पातळीपर्यंत पोटऱ्यांवर उठते, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चुणचुणू लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रुग्णाला दोन प्रश्न जादा विचारले, पुरळ कुठवर आहे आणि त्या पाण्यात म्हशी उतरतात का, तर एवढ्यावरून बहुतेक वेळा उलगडा होईल.

हे पुरळ जीवघेणे नाही, मग त्याची दखल कशासाठी घ्यायची, असे कोणी विचारील. दखल घ्यायची ती एवढ्यासाठी, की जिथे जनावरांचे शिस्टोसोमा फिरत आहे तिथे गोगलगाय, विष्ठा आणि माणसाचे पाय हे तिन्ही एकाच पाण्यात येत आहेत, याचा तो सर्वांत स्वस्त पुरावा आहे. शहरातही ही स्थिती आहे. छठपूजेला उपवन तलावाच्या पाण्यात स्त्री-पुरुष बराच वेळ उभे असतात, विसर्जनाच्या वेळी स्वयंसेवक तासन् तास कमरेएवढ्या पाण्यात असतात, आणि तलावाची सफाई करणारे कंत्राटी कामगार तर गमबुटांशिवायच उतरतात. त्यांच्यापैकी कोणाला पुरळ उठले तर ते घाण पाण्याचे म्हणून सोडून दिले जाते.

आता आरोग्य विभागाला थोडे अवघड वाटेल असे सांगतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मोहीम उत्तम आहे आणि ती चालूच राहिली पाहिजे. पण ही गोळी गोल कृमींसाठी आहे. आतड्यातल्या बस्कीवर आणि शिस्टोसोमावर प्राझिक्वांटेल लागते, फॅसिओलावर ट्रायक्लाबेंडाझोल. जंताचे औषध दिले आहे, या समाधानात पर्णकृमीचा रुग्ण सुटून जाण्याची शक्यता म्हणूनच अधिक असते. प्रयोगशाळेतही असेच घडते. शौचाच्या तपासणीत मिठाच्या संपृक्त द्रावणावर अंडी तरंगवण्याची पद्धत अंकुशकृमीसाठी सोयीची आहे, मात्र पर्णकृमीची अंडी जड असतात, ती तरंगत नाहीत, तळाशी बसतात. त्यांच्यासाठी नमुना पाण्यात ढवळून, स्थिर ठेवून खालचा गाळ पाहावा लागतो. लघवीतल्या शिस्टोसोमाच्या अंड्यांसाठी तर नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत घेतलेला बरा, कारण तेव्हा अंडी सर्वाधिक पडतात. पाहण्याची पद्धतच चुकीची असेल तर "आढळले नाही" या शेऱ्याला काय किंमत द्यावी?

जनावरांचे तरी आपले आपण बघून घेऊ, माणसांचे शिस्टोसोमा इथे येणार कुठून, हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर फ्रान्सच्या कॉर्सिका बेटाने दिले आहे. तिथल्या काव्हू नदीत २०१३ च्या उन्हाळ्यात पोहलेल्या शंभराहून अधिक लोकांना शिस्टोसोमाची लागण झाल्याचे पुढच्या वर्षी उघड झाले. त्यांतल्या बहुतेकांनी आफ्रिकेत पाऊलही ठेवलेले नव्हते. त्या कृमीची वंशावळ तपासल्यावर तो सेनेगलकडचा, माणसाच्या आणि जनावराच्या शिस्टोसोमाचा संकर निघाला. नदीत योग्य जातीची गोगलगाय आधीपासून होतीच, फक्त एका बाधित माणसाची लघवी तिथे पोहोचायची बाकी होती. माणसे जगभर ये-जा करणारच, आणि त्यासाठी कोणाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच, की आपल्या पाण्यात कोणती गोगलगाय वाट पाहत बसली आहे, हे माहीत करून घेणे.

त्या सेनेगलचाच धडा धरण बांधणाऱ्यांसाठी आहे. सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये डियामा बंधारा पूर्ण झाला, समुद्राचे खारे पाणी आत येणे थांबले, कालव्यांत वर्षभर गोडे पाणी खेळू लागले, आणि १९८८ मध्ये रिशार-टोल गावात आतड्याच्या शिस्टोसोमाचे पहिले रुग्ण मिळाले. पुढच्या काही वर्षांत त्याची मोठी साथ झाली. बंधाऱ्याने गोगलगाई खाणाऱ्या नदीतल्या मोठ्या कोळंबीची वाटही अडवली होती, आणि नंतरच्या प्रयोगांत कोळंबी परत सोडल्यावर बाधित गोगलगाई कमी झाल्याचे दिसले. आपल्या जिल्ह्यात भातसा आणि तानसा आहेत, भातसाचे कालवे आहेत, मुरबाडला काळू धरण प्रस्तावित आहे. धरणाच्या पर्यावरणीय अभ्यासात वाघ-बिबट्यांपासून फुलपाखरांपर्यंत याद्या असतात. त्यांत गोगलगाईंची यादी आणि तिच्या शेजारी जनावरांतल्या पर्णकृमींचे प्रमाण यावे, ही मागणी काही फार मोठी नाही.

तलाव सुशोभित केले की प्रश्न सुटतो, असेही मानू नये. जपानमधल्या यामानाशी प्रांतात कालव्यांना काँक्रीटचे अस्तर देऊन शिस्टोसोमाच्या गोगलगाईला हटवले गेले आणि १९९६ मध्ये तिथे हा आजार संपल्याचे जाहीर झाले, हे खरे. पण तिथली गोगलगाय काठाच्या ओल्या मातीत राहणारी होती. आपल्याकडच्या लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस पाण्यातच राहतात, आणि काँक्रीटच्या भिंतीवर धरलेले शेवाळ त्यांना उत्तम खाद्य पुरवते. मसुंद्याच्या किंवा कोणत्याही तलावाच्या पायरीवर बसून पाण्याच्या रेषेखाली हात फिरवला तर हे कळते.

मत्स्यपालनाच्या काचपेट्यांचा व्यापार हा आणखी एक दरवाजा. दक्षिण अमेरिकेतली बायोम्फालेरिया ही शिस्टोसोमाची वाहक गोगलगाय १९७० च्या दशकात हाँगकाँगमध्ये पोहोचली, ती काचपेटीतल्या पाणवनस्पतींबरोबर आली असावी असे मानले जाते. आपल्याकडे नको झालेले मासे, कासवे आणि वनस्पती लोक भूतदयेने तलावात सोडून येतात. "निर्माल्य टाकू नये" या फलकाशेजारी याचाही एक फलक लावावा.

पाहणी कशी करायची, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती खर्चिक असेल या भीतीने प्रस्ताव मागे पडू नये. आपल्या पाण्यातल्या मुख्य गोगलगाई ओळखायला फार शिकावे लागत नाही. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावे. तोंड उजवीकडे उघडत असेल आणि शंख पातळ, तपकिरी, झाकण नसलेला असेल तर ती लिम्निया असण्याची शक्यता आहे. तोंड डावीकडे उघडत असेल तर ती बहुधा फायसा, गटारांत वाढणारी, मूळची उत्तर अमेरिकेची, आणि आपल्या या प्रश्नात फारशी महत्त्वाची नाही. शंख चपटा, एकाच पातळीत गुंडाळलेला आणि नाण्याएवढा असेल तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे ती फुटली की लाल डाग पडतो. मोठ्या, गोल, तोंडाला कडक झाकण असलेल्या गोगलगाई वेगळ्या कुळांतल्या आहेत आणि त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा.

वेचलेली प्रत्येक गोगलगाय धुऊन, क्लोरीन उडून गेलेल्या स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या काचनळीत ठेवावी आणि नळ्या सकाळच्या उन्हात, पण तापणार नाहीत अशा, एक-दोन तास ठेवाव्यात. नंतर मागे काळा कागद धरून भिंगातून पाहावे. गोगलगाय बाधित असेल तर पाण्यात पांढरे ठिपके लटकताना, मध्येच झटका देऊन वर येताना दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची शेपटी दुभंगलेली दिसली तर ते शिस्टोसोमाच्या गोत्रातले असू शकतात आणि नमुना पुढे तज्ज्ञाकडे पाठवावा. हे काम हातमोजे घालूनच करावे. जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात एवढे साहित्य असते, आणि विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. ज्यांतून काही बाहेर पडले नाही अशा गोगलगाईंपैकी काही फोडून तपासाव्यात, कारण कोवळा संसर्ग उन्हाने बाहेर येत नाही.

एक गोष्ट मात्र कृपया करू नये. हे पत्र वाचून कोणी तलावात मोरचूद किंवा निक्लोसामाइड ओतण्याचा आदेश काढू नये. ही रसायने गोगलगाई मारतात, तशीच मासेही मारतात, आणि ज्यांचा चरितार्थ त्या माशांवर आहे त्यांना त्याची भरपाई कोणी देत नाही. शिवाय इंडोप्लॅनॉर्बिस उभयलिंगी आहे, एकटी उरली तरी अंडी घालू शकते, आणि सुकल्या चिखलात तग धरून पुढच्या पावसात परत येते. फवारणीचे छायाचित्र वर्तमानपत्रात येईल आणि पुढच्या वर्षी गोगलगाई तेवढ्याच असतील.

करण्यासारखे आहे ते कंटाळवाणे आहे. जलपर्णी काढल्यावर ती काठावरच टाकून ठेवली तर मुळांतल्या गोगलगाई आणि पानांखालचे चिकट अंडीपुंज पहिल्याच पावसात परत पाण्यात जातात. म्हणून ती त्याच दिवशी पाण्यापासून दूर नेऊन वाळवावी. उल्हास नदीत मोहने परिसरात काम केलेले यंत्र धुतल्याशिवाय दुसऱ्या तलावात उतरवू नये. तबेल्यांचे शेण आणि नाल्यांचे सांडपाणी तलावात येते ती तोंडे बंद करावीत. हे तर प्रदूषणासाठीही करायचेच आहे, फक्त यादी करताना गोगलगाई जास्त सापडलेल्या जागा आधी घ्याव्यात. पशुसंवर्धन विभागाकडे जनावरांच्या शेणतपासणीची गावनिहाय माहिती असते. ती आरोग्य विभागाला दर वर्षी पावसाळ्यानंतर मिळावी, आणि ज्या गावांत पर्णकृमींचे प्रमाण जास्त आहे तिथल्या आरोग्य केंद्रांनी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, विनाकारण अशक्त किंवा पोटदुखीच्या रुग्णांचा शौचनमुना गाळ बसवून पाहावा. खेकडे पकडून खाणाऱ्या आदिवासी पाड्यांवर तेवढेच सांगावे, की खेकडा पुरता शिजवावा. ईशान्य भारतात अर्धवट शिजलेल्या खेकड्यांतून फुफ्फुसाचा पर्णकृमी होतो आणि खोकल्यातून रक्त पडत असल्याने तो क्षयरोग समजून औषधे दिली जातात. जमिनीवरच्या मोठ्या आफ्रिकी गोगलगाईंचा प्रश्न वेगळा आहे, तो मी इथे मुद्दाम मिसळत नाही. मुलांना त्या उघड्या हातांनी उचलू देऊ नये, एवढे पुरे.

नागरिकांना याबद्दल सांगताना भाषेचा तोल सांभाळावा, अशीही विनंती आहे. नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्यातून यांतला कोणताही आजार होत नाही. तो शेजाऱ्याकडून लागत नाही. तलावाकाठी फिरल्याने, नौकाविहार केल्याने होत नाही. हे स्पष्ट न करता "तलावात घातक कृमी" असा मथळा बाहेर पडला, तर पहिला फटका काठावरच्या भेळवाल्याला आणि मासे विकणाऱ्या बाईला बसेल.

माझे प्रत्यक्ष मागणे असे आहे. दोन्ही महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मिळून या कामासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा. तो पशुवैद्यक असला तर मला आनंद होईल, पण कीटकशास्त्रज्ञ असला तरी चालेल. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोगलगाई भरपूर असतात, तेव्हा शहरातले मोठे तलाव, नवी मुंबईतले गावठाणांचे तलाव, आणि शहापूर, मुरबाड, भिवंडी इथली काही खाचरे व कालवे यांतून पहिली पाहणी करावी. दुसरी एप्रिलमध्ये, पाणी आटल्यावर, त्याच जागी. निष्कर्ष, "काही आढळले नाही" हा निष्कर्षसुद्धा, महापालिकेच्या वार्षिक पर्यावरण अहवालात छापावा. पालघर जिल्हा परिषदेलाही सामील करून घेता आले तर १९७२ च्या त्या अभ्यासाच्या गावांतली आजची स्थिती पाहता येईल.

गोगलगाई ओळखण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण मी विनामूल्य देईन, आणि माझ्या ओळखीचे प्राणिशास्त्राचे काही प्राध्यापकही त्यासाठी तयार आहेत. हे पत्र आपल्याकडे कोणत्या विभागाकडे वर्ग झाले ते कळवावे, म्हणजे पुढचा पत्रव्यवहार तिथे करता येईल.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
ठाणे (पूर्व)